दाजी, ड्राइव्ह चांगला होता

दाजी, मशीन चालू झालंय. तुम्ही गेलात त्या दिवसापासून शेडचं शटर खालीच होतं. राख सावडली, दहावं झालं, तेरावं झालं, आलेले पाहुणे एकेक करून परत गेले, तोवर त्या कुलपाला कुणी हात लावला नाही. आता सकाळी मशीन लावलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्पिंडल एकदाही बंद पडत नाही. लोखंडाचे जॉब मापात निघतात, हत्याराच्या टोकाचे इन्सर्ट मोडत नाहीत. तुम्ही असता तर खुर्चीवर रेलून, पायावर पाय टाकून, मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात विचारलं असतं, "मग पाव्हणं, निघालं काय शेवटी?"

काय निघालं ते सांगायलाच बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. गावात नाही, गिऱ्हाइकाला नाही आणि अक्काला तर मुळीच नाही. राहिलात तुम्ही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अक्का ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. माझी थोरली बहीण ती, लहानपणी आमच्या ईट गावी मला कडेवर घेऊन पाण्याला जायची. तिचा चेहरा मला डोळे मिटूनही वाचता येतो, पण त्या दिवशी मला तो वाचता येईना. कपाळ मोकळं, हात मोकळे. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाळू, एक इचारते. खरं सांग," ती म्हणाली. "ह्यांचं सोलापूरला जाणं खरंच लागत व्हतं का? का उगंच गेले?"

मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "मशीन बघून सांगतो."

बघा, काय उत्तर दिलं! गिऱ्हाइकाचा फोन आला की देतो ते. बहिणीचं कपाळ पुसलं गेलंय आणि भाऊ म्हणतो, बघून सांगतो. पण ती हो म्हणाली. तिला ते उत्तर पटलं, कारण तुमच्या घरात इतकी वर्षं तिनं हेच ऐकलं होतं. "बरं, बघून सांग," एवढंच म्हणून ती आत गेली.

तेव्हापासून ते मशीन माझ्यासाठी लोखंड कापायचं यंत्र राहिलं नाही. त्याच्यातला बिघाड कुठं आहे, यावर अक्काचं उरलेलं आयुष्य कसं जाणार ते ठरणार होतं. बिघाड ड्राइव्हमध्ये असेल, तर तुम्ही कामासाठी गेलात आणि काम करून परत येताना गेलात. बिघाड दुसरीकडं असेल, तर तुम्ही फुकट गेलात. दाजी, तुमच्याशी भांडताना मी कधीच असं म्हटलं नव्हतं, पण त्या दिवशी मनापासून म्हणालो: देवा, दाजींचंच खरं निघू दे.

अक्काला एकदा मी समजावत होतो, आठवतंय? स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरता भाग, तोच लोखंडाचा गज धरून गरागरा फिरवतो. त्याला फिरवते मोटर. आणि त्या मोटरीला किती करंट द्यायचा, कधी पळवायचं, कधी थांबवायचं हे ठरवणारी पेटी म्हणजे ड्राइव्ह. तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "म्हंजे मोटर म्या अन् ड्राइव्ह तुझी अक्का." अक्कानं हातातला फडका तुमच्या अंगावर फेकला होता. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो.

आयटीआय करून, इलेक्ट्रिशियनचा कागद घेऊन मी नळदुर्गला तुमच्या दारात आलो तेव्हा तुम्ही पुण्याकडची टर्नरची नोकरी सोडून आलेले, सोडून म्हणजे कारखानाच बंद पडला म्हणून आलेले. त्याच कारखान्याच्या लिलावात हे जुनं सीएनसी लेथ तुम्ही उचललंत. भाऊबंद म्हणाले, आजकाल कुणी असलं भंगार घेतं का! तुम्ही म्हणालात, "ज्या मशीनवर म्या हात बसवला ते भंगार कसं?" ट्रेलर हायवेवर थांबला, क्रेननं मशीन उतरवलं, तेव्हा ढाब्यावरचे ड्रायव्हरसुद्धा जेवण सोडून बघायला आले होते. तुम्ही क्रेनवाल्यावर ओरडत होतात आणि मला म्हणत होतात, "पाव्हणं, हात नका लावू, बोटं जातील." मला सालभर तरी तुम्ही पाव्हणंच म्हणत होतात. नंतर बाळू म्हणायला लागलात, पण माझ्यावर चिडलात की पुन्हा पाव्हणं.

शेडमध्ये मशीन ठेवायची वेळ आली तेव्हा अक्का पदर खोचून मध्ये उभी राहिली. मशीनचं तोंड पूर्वेला पाहिजे. मी म्हणालो, तोंड दक्षिणेला केलं तर चहूबाजूंनी फिरायला जागा राहील. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, तिच्याकडं बघितलंत आणि क्रेनवाल्याला म्हणालात, "फिरव पूर्वेला." मग शेडच्या मापात ते बसेना म्हणून पाठ पश्चिमेच्या भिंतीला पार टेकवावी लागली. मागं जेमतेम वीतभर फट. तुम्ही चार दिवस खपून लेव्हल केलं, पाण्याचा थेंब ठेवला तरी हलणार नाही असं. आणि वर मला म्हणालात, "हालवलेला देव अन् हालवलेलं मशीन पुन्हा बसत न्हाय. आता ह्याला हात लावायचा न्हाय."

त्या मशीननं आपल्याला बरंच दिलं. ट्रॉलीच्या पिना, बुश, पंपाचे शाफ्ट. आजूबाजूच्या गावांतून लोक मोडका तुकडा पिशवीत घालून यायचे आणि तुम्ही तो डोळ्यांसमोर धरून म्हणायचात, "करून देतो, पण घाई करायची न्हाय." माझं लग्न त्या मशीनच्या जिवावर झालं. मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. दाजींचे कुठं आभार मानायचे असतात! मानले असते तर तुम्हीच म्हणाला असता, येडं झालं का काय हे. तरी आता मानतो.

या उन्हाळ्यात स्पिंडल बंद पडायला लागला. तासभर चालायचा, दीड तास चालायचा, आणि ऐन कटिंगमध्ये थांबायचा. हत्यार जॉबमध्ये रुतून बसायचं, इन्सर्टचा तुकडा उडायचा. ड्राइव्हवर लाल आकडा यायचा. त्या आकड्याचा अर्थ मोटर जास्त तापली असा होता, एवढं आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. भांडण तिथून पुढं होतं.

मी म्हणत होतो, ड्राइव्ह सांगतोय ते खरं मानू. मोटर तापतेय. मोटरीच्या मागं तिला गार ठेवायचा पंखा आहे, तो उघडून बघू. तुम्ही म्हणत होतात, मोटर तापलेली नाही, ड्राइव्हलाच भास होतोय. त्यातलं सर्किटचं कार्ड गेलंय. मी मोटरीवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला, तर तुम्ही म्हणालात, "मे महिना हाय पाव्हणं. ऐरणीवर हात ठेवून बघा, ती बी चावंल." आणि मग तुमचा हुकमाचा एक्का. एकदा सकाळी मशीन नुकतंच चालू केलं होतं, मोटर रात्रभराची गार, आणि तरी तोच आकडा आला होता. "गार मोटर तापली म्हणतंय. मग खोटं कोण बोलतंय? ड्राइव्ह!"

त्या सकाळचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. खरं सांगतो.

मी घरून टेबल फॅन आणून त्या फटीत उभा केला, तर मशीन त्या दिवशी जेवणापर्यंत चाललं. मी म्हणालो, बघा! तुम्ही म्हणालात, योगायोग. मी म्हणालो, मशीन हातभर पुढं ओढू, पंखा उघडू, फक्त बघू. तर तुम्ही एकदम कडक झालात. "मागचं मागं राहू द्या," म्हणालात. हातभर ओढायचं तरी लेव्हल जाणार, पुन्हा चार दिवस मोडणार, पंपवाल्याचे शाफ्ट अडकलेत. ड्राइव्ह काढायचा म्हणजे चार बोल्ट आणि थोड्या वायरी. सोलापूरला एक जण असली कार्डं दुरुस्त करतो, सकाळी जाऊन सांजंला परत. हिशोबानं बघितलं तर तुमचंच बरोबर होतं. मीही तुमच्या जागी असतो तर आधी चार बोल्टच खोलले असते. पण तेव्हा मला ते मान्य करायचं नव्हतं.

सकाळी तुम्ही ड्राइव्ह मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधत होतात. अक्कानं जुनी वाकळ आणून दिली, हादरे बसू नयेत म्हणून. तुम्ही तिच्यात ड्राइव्ह तान्ह्या बाळासारखा गुंडाळला. मी शटरपाशी उभा राहून म्हणालो, "न्या. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला."

तुम्ही किक मारत म्हणालात, "सांजंला बोलू पाव्हणं."

सांजेला ढाबेवाल्याचा फोन आला. गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर बिघडून उभा होता. मागं दिवा नाही, फांदी नाही, दगड नाही. दिवस तुमच्या पाठीशी नुकताच बुडालेला असणार आणि समोर धुरकट. मी पोचलो तेव्हा माणसं गोल करून उभी होती, मला बघून त्यांनी वाट दिली. दाजी, त्या रस्त्यावर मी काय बघितलं ते तुम्हाला सांगत नाही आणि अक्कालाही कधी सांगितलेलं नाही. तुमचे हात तेवढे शाबूत होते. नखांत ग्रीस होतं. मी ते हात धरून बसलो आणि पोलीस येईपर्यंत कुणाला सोडवू दिले नाहीत.

मोटारसायकलचा चोळामोळा झाला होता. ड्राइव्ह मात्र वाकळीसकट रस्त्याकडेच्या मातीत जाऊन पडला होता. पंचनामा झाला, सह्या झाल्या, आणि नंतर एका हवालदारानं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. मी वाकळ सोडली. एक ओरखडा नव्हता. मला तेव्हा त्या वस्तूचा इतका राग आला की शेडमागच्या दगडावर आपटावी वाटली. तुमच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि ड्राइव्हला वाकळ होती. तुम्हाला शिव्या द्याव्यात तर तुम्ही नव्हता.

अक्काला मी बघून सांगतो म्हणालो, त्यानंतर पहिला फोन सोलापूरच्या त्या दुरुस्तीवाल्याला केला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी कोण ते सांगितल्यावर हसतच म्हणाला, "तुम्ही मेव्हणे का? तुमच्याबद्दल लई बोलत व्हते." मग मी त्याला तुमचं सांगितलं. तो चाचरत म्हणाला की ड्राइव्ह त्यानं सगळा तपासला, कार्ड चांगलं होतं, काही बदलायची गरज नव्हती. बाकी टेबलावर तपासताना त्याच्यावर खरा भार नसतो, एवढं सोडलं तर. म्हणून त्यानं तुम्हाला तसाच परत दिला.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले," तो म्हणाला. "म्हणाले, आता मेव्हणा वरीसभर माझी पाठ सोडत न्हाय. च्या पिऊन निघाले."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पूर्ण रस्ता तुम्ही हरलेला वाद घेऊन येत होतात आणि तरी हसत होतात. घरी येऊन शटरपाशी गाडी लावून मला काय म्हणाला असता, ते मी रोज वेगवेगळं ठरवतो. कधी वाटतं, सरळ म्हणाला असता, बाळू, तुझंच खरं. कधी वाटतं, छे, तुम्ही कसले म्हणताय! म्हणाला असता, चला पाव्हणं, पहारी काढा, तुमचा हट्ट पुरवू. दोन्हीतलं कुठलंही चाललं असतं. मी तुम्हाला एक दिवस चिडवलं असतं आणि विसरलो असतो.

तरी मी ऐकलं नाही. दुरुस्तीवाला चुकला असेल म्हणून ड्राइव्ह जोडला. वायरी तुम्ही जशा रंगीत चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या तशा, एकही न चुकवता. मशीन लावलं आणि समोर स्टूल घेऊन बसलो. प्रत्येक जॉब निघाला की वाटायचं, चाललंय, दाजींनी नेऊन आणल्यावर चाललंय, प्रवासात कुठली तरी ढिली पिन बसली असेल. असं होतं कधी कधी. माणूस नवस बोलतो तसा मी त्या स्पिंडलकडं बघत होतो. आणि मग आवाज खाली खाली येत गेला आणि हत्यार जॉबमध्ये रुतलं. लाल आकडा. तोच.

मी तिथंच डोकं धरून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खरं निघालेलं मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजमधले दोघं बोलावले, वजन ओढायचा चेन ब्लॉक आणला, आणि तुम्ही ज्याला हात लावू दिला नव्हता ते मशीन हातभर पुढं ओढलं. लेव्हल गेली. मशीनच्या पायांखालचे पॅड सरकले तेव्हा तुम्ही कुठून तरी ओरडाल असं मला वाटत होतं. दोघं गेले. मी मागं शिरलो, मोटरीच्या पंख्याची जाळी सोडवली.

आत सगळं पिवळं होतं.

आधी कळेना काय आहे ते. बोटानं खरवडलं तर ढेकळासारखा पापुद्रा निघाला. वास घेतला. हळद. मशीनच्या तेलाच्या धुक्यात भिजलेली, थरावर थर बसलेली, उन्हात वाळवलेल्या पिठल्यासारखी घट्ट झालेली हळद. पंख्याची पाती लिंपली होती, हवा जायच्या फटी बुजल्या होत्या.

अक्काचा भंडारा, दाजी. दर रविवारी तुम्ही मशीन चालू करायचात आणि अक्का आंघोळ करून, खंडोबाची पूजा आटोपून, मूठभर भंडारा घेऊन शेडमध्ये यायची. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मशीनच्या माथ्यावर उधळायची. तुम्ही टोपी काढून हात जोडायचात. मीही जोडायचो. निम्मा भंडारा मशीनच्या पाठीमागं पडायचा आणि मागं भिंत, वीतभर फट, आणि फटीत तोंड घालून दिवसभर हवा ओढणारा पंखा. आपण दोघं शिकलेसवरलेले मिस्त्री समोर हात जोडून उभे असायचो, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो भंडारा जातो कुठं. पूजेत कुणी बिघाड शोधतं का?

का तुमच्या डोक्यात आलं होतं? हे मला तुम्हाला विचारायचंय आणि हेच आता विचारता येत नाही. "मागचं मागं राहू द्या" म्हणताना तुम्ही इतके कडक का झालात? लेव्हल जाईल म्हणून, की मागं काय सापडेल याचा तुम्हाला अंदाज होता म्हणून? अक्काला तोंडावर सांगण्यापेक्षा सोलापूरचा हेलपाटा तुम्हाला स्वस्त वाटला का? कधी वाटतं, हो, तुम्ही असेच होतात, तिच्यासाठी मशीन भिंतीला टेकवणारे. कधी वाटतं, मी उगाच तुम्हाला मोठं करतोय, तुम्हाला खरंच कार्ड गेलंय असं वाटत होतं. माझा निकाल लागत नाही. चिडतो तुमच्यावर. एवढं तरी बोलून जायचं होतं.

मी दिवसभर बसून मोटर साफ केली. ब्रशनं, रॉकेलनं, दाताच्या काडीनं. निघालेली हळद कागदात गोळा केली आणि ती केरात टाकवेना. भंडाराच तो. शेवटी शेडमागच्या लिंबाच्या बुडाशी पुरली. मग मशीन भिंतीपासून हातभर पुढंच ठेवून लेव्हल केली, माझ्या हातून झाली तशी. आणि मशीन लावलं ते आजतागायत आपणहून थांबलेलं नाही.

आता अक्काला काय सांगायचं? बघून सांगतो म्हणालो होतो आणि बघून झालं होतं. खरं सांगायचं म्हणजे असं सांगायचं: दाजींचं जाणं लागत नव्हतं, ड्राइव्ह चांगला होता, आणि मशीन तुझ्या हातच्या भंडाऱ्यानं गुदमरलं होतं. ती काही बोलली नसती. तिनं फक्त स्वतःच्या हाताकडं बघितलं असतं आणि पुढं मरेपर्यंत बघत राहिली असती. मी तिला टाळायला लागलो. दुपारच्या जेवणाला तिच्याकडं उशिरा जायचो, ती वाढायला आली की फोन कानाला लावायचो. ती काही म्हणत नव्हती. मशीनचा आवाज मात्र घरापर्यंत जात होता, आणि मशीन चालू आहे म्हणजे बाळूला कारण सापडलं, एवढं तिला कळत होतंच.

गेल्या रविवारी ती शेडमध्ये आली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. शटरच्या आत पाऊल टाकताना अडखळली, तुमच्या खुर्चीकडं न बघता सरळ माझ्यापाशी आली.

"बघितलंस?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"मग?"

स्पिंडल फिरत होता. मी हात पुसत राहिलो. मनाशी काही ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं.

"ड्राइव्हच गेला व्हता, अक्का," मी म्हणालो. "कार्ड जळालं व्हतं आतनं. दाजींनी करून आणलं म्हणून तर मशीन चालू झालं. म्याच येड्यासारखा भांडत व्हतो त्यांच्यासंगं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही बघितलं, डोळे खाली घातले नाहीत. ती लहानपणी माझं खोटं चुटकीसरशी पकडायची. त्या दिवशी पकडलं की नाही मला माहीत नाही. तिनं खाली स्टुलावर बसकण मारली आणि तोंडाला पदर लावून रडली. मोठ्यानं, पार पोटातून.

"म्हंजे वाया न्हाय गेलं," ती म्हणत होती. "वाया न्हाय गेलं त्यांचं जाणं."

"न्हाय गेलं," मी म्हणालो.

दाजी, वाद तुम्ही जिंकलात. मी साऱ्या गावात तसंच सांगतोय. गॅरेजमधल्या त्या दोघांनाही सांगितलं की मशीन पुढं ओढलं ते फक्त साफसफाईला.

तुमच्या त्या सकाळच्या आकड्याचा मला आता फार आधार वाटतो. गार मोटर आणि तरी तापल्याची खूण. त्याचं कारण मला सापडलं नाही, म्हणजे शंभरातला एखादा भाग तरी ड्राइव्हचा असेलच, नाही का? तेवढ्या एका भागावर मी माझं खोटं उभं केलंय. तुम्ही त्याला लेव्हल म्हणाला नसता.

रडून झाल्यावर अक्कानं तोंड पुसलं. मग कमरेची कागदाची पुडी काढली आणि उलगडून तळहातावर ओतली. पिवळाधमक भंडारा.

"थोरल्या जाऊबाई म्हंत्यात, वरीस होईपतोर तू उधळायचा न्हाय," ती म्हणाली. "तुज्या हातचं आता मशीनला चालत न्हाय म्हंत्यात. पर ह्यांनी एक रविवार चुकवला न्हाय रं. टाकू का?"

भावकीनं मला आयतंच कारण दिलं होतं. थोरल्या जाऊबाईंचं नाव पुढं करून नको म्हटलं असतं की काम झालं असतं. मोटर वाचली असती, अक्काला खरं कधी कळलं नसतं, आणि दोष माझा नसता. पण ती तळहात पुढं करून उभी होती, आणि नको म्हणणारे तिला घरोघर भेटत होते. आणि कुठल्या तोंडानं नको म्हणू? आत्ताच सांगितलं होतं की बिघाड ड्राइव्हचा होता.

"टाक," मी म्हणालो. "तुज्या हातचाच पायजे."

तिनं डोळे मिटले. येळकोट मोठ्यानं म्हणाली नाही, नुसते ओठ हलले. मूठ उघडली. भंडारा मशीनच्या माथ्यावर पडला आणि उरलेला पाठीमागं गेला. मी जिथं उभा होतो तिथून पंख्याची जाळी दिसत होती. पिवळी धूळ हवेत जराशी थांबली आणि मग आत ओढली गेली.

अक्कानं हात जोडले. मीही जोडले. मग बोटाला लागलेला भंडारा तिनं माझ्या कपाळाला लावला, स्वतःच्या कपाळाकडं हात नेला आणि खाली घेतला. "आता येत जाईन दर रविवारी," म्हणाली आणि घराकडं निघाली.

ती वळणापलीकडं जाईपर्यंत मी तसाच उभा होतो. मग मेन स्विच पाडला, पाना घेतला आणि मशीनच्या मागं शिरलो.